गुटगुटीत बाळ आणि निरोगी मूल

(संस्थेच्या माता-पालक मेळाव्यात केलेले भाषण)





मुलांच्या आहारावर या मेळाव्यात कोणी तरी दोन शब्द बोलावेत असे ठरले, तेव्हा मुख्याध्यापक साहेबांनी ते काम माझ्यावर सोपविले. मी डॉक्टर नाही. बी. ए., बी. एड. होऊन इतिहास आणि मराठी शिकविणारा मी एक साधा शिक्षक आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच की, या विषयाचा धडा मला माझ्या स्वतःच्या घरात मिळाला, आणि तो मी उशिरा शिकलो. जो धडा मास्तर उशिरा शिकला, तो इतरांना वेळेवर शिकविणे हे त्याचे कर्तव्यच आहे, असे मी मानतो.

आमच्या घरी बैठकीच्या खोलीतल्या कपाटात एक फोटो आहे. माझी पत्नी उभी आहे, तिच्या कडेवर आमचा थोरला मुलगा आहे आणि त्याच्या हाताशी स्टीलचा एक पेला धरलेला आहे. तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. एका मंडळाने भरविलेल्या सुदृढ बालक स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला होता. परीक्षेची पद्धत सोपी होती. एकेक बाळ वजनकाट्यावर ठेवायचे. ज्याचे वजन सर्वांत जास्त, ते बाळ सर्वांत सुदृढ! सगळ्या मोहल्ल्याने "माशाअल्लाह" म्हटले. मीही छाती फुगवून घरी आलो.

या यशामागची हकीकत आता ऐका. मुलगा जन्मला तेव्हा मी शिक्षण सेवक होतो. मानधन तुटपुंजे होते. तीन आठवड्यांचे बाळ रोज संध्याकाळी रडू लागले. घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, "दूध पुरत नाही वाटतं पोराला." माझा भाऊ कुवेतला असतो. त्याला कळताच त्याने प्रेमाने, गावी येणाऱ्या माणसाबरोबर दुधाच्या पावडरचे डबे पाठविले. आपल्या कोकणात हे कोणाला नवीन नाही. आखातातल्या माणसाच्या पेटीत साबण, अत्तर आणि पावडरचे डबे असायचेच. डब्यावर लिहिले होते की, सपाट चमचा घ्यावा. आम्ही शिगोशीग भरून घेत होतो, वर बाळाच्या नावाने एक चमचा जास्त. मी पेशाने वाचायला शिकविणारा माणूस; पण त्या डब्यावरच्या सूचना मी वाचल्या नाहीत. बाळाने बाटलीत दोन घोट ठेवले तर ते वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही त्याला हलवून, जागे करून पाजत होतो. टाकून देणे म्हणजे नाशुक्री, अशी आमची भावना.

तोच मुलगा गेल्या वर्षी चौथीत होता. शाळेच्या क्रीडा स्पर्धेत शंभर मीटर धावण्याची शिट्टी मीच वाजविली. तो निम्म्या वाटेत थांबला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, आणि बाजूची मुले हसली. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "अब्बा, पुढच्या वर्षी माझं नाव देऊ नका." मी त्याला काही उत्तर देऊ शकलो नाही.

त्याला घेऊन मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. मला वाटले होते, डॉक्टर वडापाव आणि बिस्किटांविषयी विचारतील. तेही त्यांनी विचारले, पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "पहिल्या वर्षी याला काय पाजलंत आणि कसं पाजलंत?" त्या प्रश्नाने मी चकित झालो. तेव्हापासून या विषयावर जे समजण्यासारखे मिळाले ते वाचत गेलो. त्यातले सार आपणांपुढे ठेवतो.

माता-भगिनींनो, जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात शाळेत दाखल होणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या ९,३५७ मुलांची पाहणी झाली आणि ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना आईचे दूध कधीच मिळाले नव्हते, अशा मुलांत लठ्ठपणाचे प्रमाण शंभरात ४.५ होते, ज्यांना मिळाले होते त्यांच्यात २.८. आणि ज्यांना वर्षापेक्षा अधिक काळ मिळाले, त्यांच्यात ते एकाहूनही कमी, म्हणजे ०.८ होते. यानंतर अनेक देशांत अशा पाहण्या झाल्या आणि बहुतेकांचा कल याच बाजूचा निघाला.

आईचे दूध इथे कोणते काम करते? पहिली गोष्ट प्रथिनांची. आईच्या शंभर मिलिलिटर दुधात सुमारे एक ग्रॅम प्रथिने असतात. गाईच्या दुधात ती तिपटीहून अधिक आणि म्हशीच्या दुधात सुमारे चौपट असतात. वासराला काही महिन्यांतच मोठे व्हायचे असते. माणसाच्या बाळाला तशी घाई नसते. जर्मनी, बेल्जियम, इटली, पोलंड आणि स्पेन या पाच देशांत डॉ. कोलेट्झ्को यांच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला. डब्याचे दूध पिणाऱ्या बाळांचे दोन गट केले. एका गटाच्या दुधात प्रथिने जास्त, दुसऱ्याच्या कमी. सहा वर्षांनंतर जास्त प्रथिनांच्या गटात लठ्ठ मुलांचे प्रमाण सुमारे अडीचपट निघाले. गरजेपेक्षा अधिक प्रथिने मिळाली की बाळाच्या रक्तात इन्सुलिन आणि वाढीची द्रव्ये अधिक सुटतात, वजन झपाट्याने चढते आणि चरबीच्या पेशींना आयते आमंत्रण मिळते, असे शास्त्रज्ञ मानतात.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. छातीशी पिणारे बाळ किती प्यायले ते आईला दिसत नाही. बाळ भुकेप्रमाणे ओढते, पोट भरले की तोंड बाजूला करते, झोपी जाते. किती प्यायचे हे बाळच ठरविते. बाटलीवर मात्र रेघा असतात. किती उरले ते आपल्याला दिसते, आणि दिसले की आपण ते संपवायला लावतो. अमेरिकेत सुमारे १,२५० बालकांच्या पाहणीत असे आढळले की, सुरुवातीचे महिने फक्त छातीशी प्यालेल्या बाळांपैकी पुढे बाटली किंवा पेला पूर्ण रिकामा करणारी शंभरात २७ होती; फक्त बाटलीने प्यालेल्यांत ६८ होती. विशेष हे की, हा परिणाम बाटलीत आईचेच दूध असले तरी दिसतो. म्हणजे प्रश्न नुसत्या दुधाचा नाही. पाजण्याच्या रीतीचाही आहे. "पुरे" म्हणण्याची जी शक्ती अल्लाहने बाळाला जन्मतःच दिलेली असते, ती आपण आपल्या हाताने मोडतो. मग तेच मूल आठ वर्षांचे झाल्यावर आपण विचारतो, "याला पुरे कसं कळत नाही?"

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. बेलारूस या देशात १९९६-९७ मध्ये ३१ प्रसूती रुग्णालयांत फार मोठा प्रयोग झाला. त्यात १७,०४६ माता व बालके होती. निम्म्या रुग्णालयांत मातांना स्तनपानासाठी विशेष मार्गदर्शन दिले. तेथील बाळांना आईचे दूध अधिक काळ मिळाले, त्यांच्यात पोटाचे आजार कमी झाले. परंतु तीच मुले साडेअकरा वर्षांची झाल्यावर पाहिले, तर त्यांच्यातला लठ्ठपणा कमी झालेला नव्हता. याचा अर्थ असा की, आईचे दूध म्हणजे लठ्ठपणावरचा तावीज नव्हे. ज्या घरात आईचे दूध मिळते, त्या घरात पुढचे खाणेही बहुधा विचाराने होते. जर्मनीतल्या फरकात त्याचाही वाटा असणार. म्हणून माझ्या मुलाचे वजन केवळ बाटलीमुळे वाढले, असे मी म्हणणार नाही. पुढे बिस्किटे, शीतपेये, मोबाईल आणि माझे लाड हेही होतेच. पण जबरदस्तीने पाजण्याची सवय बाटलीपासून सुरू झाली आणि ताटापर्यंत आली, हे मला स्पष्ट दिसते.

कोणी म्हणेल, "मास्तर, इथे पोरांना पोटभर मिळत नाही आणि तुम्ही लठ्ठपणाच्या गोष्टी करता!" प्रश्न योग्य आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी ३५ हून अधिक मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, आणि जास्त वजनाची ३.४. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा दुसरा आकडा २.१ होता. म्हणजे पहिले संकट गेलेले नाही आणि दुसरे दाराशी आले आहे. त्याच पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर बालकांपैकी फक्त ११ जणांना पुरेसा आणि योग्य आहार मिळतो असे दिसले. पोट दोन्हीकडे भरते. एकीकडे नुसत्या पाण्यासारख्या पेजेने, दुसरीकडे साखरेने.

आपल्या महाराष्ट्रातले एक संशोधन तर प्रत्येक घराने ऐकावे असे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपल्या बाळाचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो, तिकडचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी, पोटाच्या अवयवांनी लहान होती. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला काटकुळे, पण आत चरबी राखून ठेवलेले असे हे आपले बाळ. अशा बाळाचे वजन लवकर वाढावे म्हणून आपण त्याला दामटून भरवू लागलो, तर स्नायू वाढण्याऐवजी चरबीच अधिक साठण्याची भीती असते. पुढे मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो तो यामुळेच. आपल्या मोहल्ल्यात चाळिशीतच मधुमेहाच्या गोळ्या घेणारी माणसे किती आहेत, हे आपण मनाशी मोजून पाहावे.

"पण बाळ बारीक दिसतं त्याचं काय?" हा आयांचा नेहमीचा प्रश्न. पूर्वी जगभर वजनाचे जे तक्ते वापरात होते, ते अमेरिकेतल्या मुख्यतः बाटलीवर वाढलेल्या बाळांवरून केलेले होते. त्या तक्त्याशी ताडून पाहिले की छातीवर वाढणारे निरोगी बाळ तीन-चार महिन्यांनंतर मागे पडल्यासारखे दिसे, आणि आईला सांगितले जाई, "वरचं दूध चालू करा." तक्त्याचा दोष होता, ठपका आईवर येत होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांच्या अभ्यासावरून, आईच्या दुधावर वाढलेले मूल हेच प्रमाण मानून, २००६ साली नवे तक्ते केले. अंगणवाडीच्या कार्डावर आज जे रंगीत पट्टे दिसतात ते याच तक्त्यांवरून आले आहेत. बाळ शेजारच्या बाळाहून बारीक आहे की नाही हे पाहू नका. त्याची रेघ त्याच्या पट्ट्यात वर जाते आहे की नाही ते पाहा. रेघ आडवी झाली किंवा खाली आली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

आता पुरुषांना दोन शब्द. मागच्या दाराशी उभे असलेले माझे बांधव ऐकत असतील, अशी आशा आहे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत मातांनी पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपण सर्व जाणतो आणि बायकांना सांगतोही. परंतु त्याच आयतीत मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकलेली आहे, कोणावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे टाकू नये असे म्हटले आहे, आणि दूध सोडविण्याचा निर्णय दोघांनी एकमेकांच्या विचाराने घ्यावा असेही सांगितले आहे. आपण अर्धी आयत बायकांसाठी ठेवली आणि उरलेली अर्धी विसरलो. बाळंतीण तिसऱ्या आठवड्यात पाण्याच्या घागरी वाहते, वीस माणसांचा स्वयंपाक करते, सर्वांच्या मागून उरलेले खाते, आणि मग आपण म्हणतो, "हिला दूध नाही."

बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते, हा निसर्गाचा नियम आहे. बाटली आली की ओढणे कमी होते, ओढणे कमी झाले की दूध आटते, आणि शेवटी "दूध पुरत नाही" हे खरे होऊन बसते. माझ्या घरात नेमके हेच घडले. संध्याकाळचे रडणे हे दर वेळी भुकेचे नसते, हे तेव्हा आम्हांला कोणी सांगितले नाही. माझ्या पत्नीला त्या वेळी डब्याची नव्हे, तर विश्रांतीची आणि "तुला जमेल" एवढ्या एका वाक्याची गरज होती. ते वाक्य मी बोललो नाही. दोष तिचा नव्हता, हे मी आज सर्वांसमोर सांगतो. ज्या भगिनी नोकरी करतात त्यांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळू शकते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना हा कायदा लागू आहे. ती मागून घ्या.

थोडक्यात, लक्षात ठेवण्याच्या पाच गोष्टी सांगतो.

एक : जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यावे, आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीही नको. मध तर एक वर्षाच्या आत देऊच नये; त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो.

दोन : काही आजारामुळे किंवा आई हयात नसल्यामुळे वरचे दूध द्यावेच लागले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने, सांगितलेल्या मापानेच द्यावे. चमचा सपाट घ्यावा, साखर घालू नये. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपल्या आजीचे बोंडले बरे. पाजताना डब्याकडे नव्हे, बाळाच्या तोंडाकडे पाहावे.

तीन : सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न चालू करावे, चार महिन्यांच्या आत तर मुळीच नको. मऊ भात आणि घट्ट वरण, नाचणी, कुस्करलेले केळे, अंडे, काटे नीट काढलेला मासा, बारीक केलेला खिमा हे आपल्या घरातलेच पदार्थ आहेत. सोबत दोन वर्षांपर्यंत आईचे दूध चालू ठेवावे.

चार : पहिली दोन वर्षे साखर, शीतपेये, पाकिटातला खारा खाऊ आणि चहात बुडविलेले बिस्किट यांपासून बाळाला दूर ठेवावे. पाहुण्यांनीही बाळाच्या हातात चॉकलेट न देता केळे द्यावे.

पाच : बाळाने तोंड फिरविले की हात थांबवावा. "हा घास चाचाचा, हा घास नानीचा" असे म्हणत भरविण्यात माया आहे, पण पोट चाचाचे नाही आणि नानीचेही नाही. ते बाळाचे आहे.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात सुदृढ बालक स्पर्धा ठेवण्याचा विचार चालू आहे, असे ऐकतो. स्पर्धा अवश्य ठेवावी. पण वजनकाट्यावर बक्षीस देऊ नये. ज्या बाळाच्या लसी वेळेवर झाल्या आहेत, ज्याच्या कार्डावरची रेघ आपल्या पट्ट्यात चालली आहे, ज्याला सहा महिने आईचे दूध मिळाले आहे, अशा प्रत्येक बाळाला बक्षीस द्यावे, मग ती बाळे पन्नास असोत. आणि परीक्षकांनी एक प्रश्न बापालाही विचारावा : "बाळंतिणीला तुम्ही किती दिवस विश्रांती दिलीत?" शिक्षक बंधूंनाही सांगणे आहे की, जाड मुलाला वर्गात कोणी नावे ठेवली तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्या मुलाने आपला पहिल्या वर्षाचा आहार स्वतः निवडलेला नसतो.

माझा थोरला मुलगा आता रोज सायकलवरून शाळेत येतो. डॉक्टर म्हणाले, "त्याला उपाशी ठेवू नका, त्याचं वजन घटवण्याच्या मागे लागू नका, उंची वाढू द्या, खेळू द्या, आणि घरातल्या सर्वांनीच खाणं सुधारा." त्याप्रमाणे आम्ही चाललो आहोत. आमची धाकटी मुलगी दीड वर्षाची आहे. ती आईच्याच दुधावर वाढली आणि अजूनही पिते. ती बारीक आहे. येणारे-जाणारे तसे बोलूनही दाखवितात. परवा मी तिला वरणभात भरवीत होतो. चार घास खाऊन तिने मान फिरविली. वाटीत दोन घास उरले होते आणि माझा हात सवयीने पुढे गेला. तेव्हा शेजारी बसलेला तिचा भाऊ म्हणाला, "अब्बा, तिला बस झालं." मी वाटी खाली ठेवली.